घोडा जाईल तिथवर

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रॉकी पर्वताच्या उत्तर टोकाला मस्क्वा आणि केचिका नद्यांचा मुलूख आहे. कास्का देना या मूळ रहिवाशांची ही पिढीजात भूमी. अलास्का हायवे सोडला की आत गाडीरस्ता जवळपास नाहीच. तळ्यावर उतरणारं छोटं विमान शिकाऱ्यांना खोऱ्यापर्यंत सोडतं. पुढे शिकारीची मोहीम घोड्यांवरून चालते.

१९३४ साली शार्ल बेदो या धनाढ्य उद्योजकाने सित्रोएन कंपनीच्या, मागे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या पाच गाड्या आणि शंभराहून अधिक घोडे घेऊन हे डोंगर ओलांडायचं ठरवलं. चिखलापुढे गाड्यांनी हात टेकले, त्या वाटेतच सोडाव्या लागल्या. तांडा घोड्यांवर पुढे गेला. पण खुरांच्या रोगाने घोडेही खचले आणि मोहीम अर्ध्यावर संपली. घोडा असला म्हणून भागत नाही, त्याची निगा जाणणारा माणूस लागतो.

ही निगा पहाटेच्या लादणीत दिसते. ओझ्याच्या खोगिरावर बसायला जागा नसते. पाठीलगत दोन फळ्या आणि त्यांवर पुढे-मागे लाकडाच्या दोन फुल्या. फुल्यांना दोन्हीकडून पेट्या अडकवतात. त्याआधी प्रत्येक पेटी ताणकाट्याला टांगून जोडीच्या पेटीशी तोलतात. एका बाजूला दोन-तीन किलो जास्त झाले, तरी चढावर खोगीर सरकतं आणि पाठ सोलवटते. वर तंबू, बिछाने, ताडपत्री आणि शेवटी ‘डायमंड हिच’: एकच दोर असा फिरवतात की माथ्यावर पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार उमटतो आणि दोर ताणला की सगळं ओझं एकदम आवळलं जातं. अर्ध्या तासाने थांबून तंग पुन्हा कसायचा, कारण चालताना घोड्याचं पोट उतरतं.

रात्री घोड्यांच्या पुढच्या पायांत पायबंद, काहींच्या गळ्यात घंटा. तरीही ते चरत लांब जातात. घोडेवाला उजाडण्याआधी कान देत निघतो आणि आवाजावरून त्यांना शोधून आणतो.

शिकार मुख्यतः स्टोन शीप या काळसर रानमेंढ्याची. परदेशी शिकाऱ्याला सहसा परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. शिंगाचा वेढा पूर्ण झालेला किंवा किमान आठ वर्षांचा नरच मारता येतो. वय शिंगावरच्या वर्षागणिक पडणाऱ्या वळ्यांवरून ठरतं. वाटाड्या दुर्बिणीला डोळा लावून तासन्‌तास वळ्या मोजतो, आणि खात्री पटली नाही तर मेंढा सोडून देतो. खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं गुन्हा आहे. तेही घोड्याच्याच पाठीवर येतं. रक्ताच्या वासाने नवखा घोडा बिथरतो, म्हणून ते जुन्याजाणत्या घोड्यावर लादतात.

भारतात १९७२च्या कायद्याखाली वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तरी या मोहिमेतलं एक तत्त्व मला मोलाचं वाटतं. एक घोडा साधारण सत्तर किलो वाहतो, त्याला रोज चारा लागतो आणि विश्रांतीही. त्यामुळे किती माणसं जातील, किती लांब जातील, काय आणतील याला आपोआप मर्यादा पडते. १९९८मध्ये इथे खास व्यवस्थापन क्षेत्र जाहीर झालं; आज सुमारे ६४ लाख हेक्टर मुलूख त्यात येतो आणि वाहनांना ठरावीक मार्गांवरच मुभा आहे. कायद्याने इथे जे लिहून काढलं, ते घोडेवाले आधीपासून पाळत होते. खोऱ्याखोऱ्यांत रस्ते झाले तर ही लादणी, ही वजनाची जाण निरुपयोगी ठरेल, आणि रानमेंढ्यांना आजवर मिळालेलं दुर्गमतेचं कवचही जाईल. म्हणून ही विद्या शिकणारे तरुण हात त्या डोंगरांना हवेत.