स्तनाचा कर्करोग आणि आहारातील स्निग्धांश

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, औषधोपचारही झाले. यापुढे त्या स्त्रीने आहारातील तेल, लोणी, चरबी कमी केली, तर रोग उलटण्याचा धोका कमी होईल काय? प्रश्न साधा दिसतो. उत्तर शोधणे मात्र फार चिकाटीचे काम ठरले.

१९७५ साली कॅनडातील शास्त्रज्ञ केनेथ कॅरोल यांनी निरनिराळ्या देशांची तुलना मांडली. जेथे माणशी स्निग्धांश जास्त खाल्ला जाई, तेथे या रोगाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही जास्त होते. पण एवढ्यावरून स्निग्धांश हेच कारण म्हणता येईल का? तुम्हीच विचार करा. त्या श्रीमंत देशांत मोटारीही जास्त होत्या!

म्हणून अमेरिकेत रुग्ण स्त्रियांवरच प्रयोग झाले. 'विन्स' या प्रयोगात ४८ ते ७९ वयाच्या २,४३७ स्त्रिया होत्या. नेहमीचे उपचार सर्वांवर झालेच. आहार कोणी बदलायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. नाहीतर मुळात धडधाकट स्त्रियाच एका गटात जमल्या असत्या. वर्षभराने आहार बदललेल्या गटात रोज सुमारे ३३ ग्रॅम स्निग्धांश पोटात जात होता, दुसऱ्या गटात ५१ ग्रॅम. सुमारे पाच वर्षांनी रोग उलटल्याचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ९.८ आणि १२.४ भरले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मृत्यूंतील फरक मात्र निर्णायक म्हणण्याइतका नव्हता.

पुढच्याच वर्षी 'व्हेल' या दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यातील ३,०८८ स्त्रियांपैकी निम्म्यांना भरपूर भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांश असा आहार सांगितला होता. सरासरी सात वर्षांनंतरचे आकडे पाहा : शेकडा १६.७ आणि १६.९. म्हणजे फरक नाहीच!

असे का व्हावे? विन्समधील आहार-गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे पावणेतीन किलो कमी राहिले. व्हेलमध्ये वजन घटले नाही, शिवाय स्निग्धांशही हळूहळू पुन्हा वाढत गेला. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, पिष्टापासून ४. तेव्हा तेल घटले की वजन घटणे स्वाभाविकच. मग गुण कशाचा, कमी तेलाचा की कमी वजनाचा?

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक जवळजवळ तयार होत नाही, पण शरीरातील चरबी ते थोडेफार बनवीत राहते, आणि स्तनातील पुष्कळ गाठी त्यावरच पोसतात. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. पण गंमत अशी, की विन्समध्ये फायदा अधिक दिसला तो ज्यांच्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसत नव्हत्या, त्या स्त्रियांत! त्यामुळे संशोधकांचे लक्ष इन्सुलिन या दुसऱ्या संप्रेरकाकडेही वळले.