फक्त सौ.लाच ऐकू येणारा आवाज

दवाखान्याची पायरी चढताच दाढदुखी थांबते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. जुन्या गाडीचेही तसेच. आठवडाभर कुरकुरणारी गाडी गॅरेजच्या दारात शिरली की शहाण्या मुलासारखी गप्प बसते. मेकॅनिक फेरी मारून येतो, खांदे उडवतो आणि आपण ओशाळतो. ओशाळणे एकवेळ परवडले. पण "आता आलोच आहोत तर हे बदलून बघू" म्हणून जे सत्र सुरू होते, ते खिशाला फार जड जाते.

आमची गाडी २००९ची, एक लाख दहा हजार मैल धावलेली. रेडिंगमधले घर, मुलांची शाळा आणि माझे ऑफिस एवढाच तिचा संसार. गेल्या हिवाळ्यात सौ. म्हणू लागली, "पुढे डावीकडे काहीतरी टण्ण करते." मी चालवली की आवाज नाही. तीन-चारदा असे झाल्यावर मी, इंजिनिअरिंगचा पदवीधर, "तुला भास होत असेल" असे म्हणून मोकळा झालो. हे वाक्य मला महागात पडले, आणि मी केवळ पैशांबद्दल बोलत नाही.

पहिल्या गॅरेजने अँटिरोल बारच्या दोन्ही ड्रॉप लिंक बदलल्या. १४० पौंड. अंदाज वाईट नव्हता, पुढच्या खडखडाटाचे ते नेहमीचे कारण. तीन दिवस शांतता, चौथ्या दिवशी पुन्हा टण्ण. दुसऱ्या गॅरेजने स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल असे सांगितले, ९०० पौंड अधिक व्हॅट. गाडी विकली तर जेमतेम दीड हजार येतील!

तेव्हा कुठे मला माझा रोजचा धंदा आठवला. सॉफ्टवेअरमध्येही काही दोष ग्राहकाकडे दिसतात, आमच्यासमोर दिसत नाहीत. तेथे नियम असा की दोष हवा तेव्हा घडवून आणता येईपर्यंत काहीही बदलायचे नाही, आणि तक्रार करणाऱ्याला खोटे पाडायचे नाही. (यातला दुसरा नियम घरी लागू करायला मला महिना लागला.)

प्रथम बूट रिकामा केला. दिवाळीच्या कार्यक्रमापासून राहिलेला एक स्टीलचा डबा आणि नारळ निघाला. हसू नका, अर्ध्या आवाजांचा उगम तेथेच असतो. मग गाडीत एक वही ठेवली. तारीख, गाडी थंड की तापलेली, रस्ता ओला की कोरडा, वेग, ब्रेक दाबलेला होता का, स्टिअरिंग किती वळवलेले होते, आवाज कोठून आला. गाडी थांबली की दोघांनी लिहायचे, आणि आवाज आला नाही त्या फेरीचीही नोंद करायची.

बारा दिवसांत उलगडा झाला. थंडी, पाऊस यांचा काही संबंध नव्हता. प्रत्येक आवाजाच्या वेळी वेग अगदी कमी होता आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले होते. शाळेजवळच्या अरुंद गल्लीत सौ.ला रोज दोन-तीनदा मागेपुढे करून गाडी वळवावी लागते. मी मात्र मोकळ्या रस्त्याने ऑफिसला जातो, आणि मेकॅनिकही तसल्याच रस्त्यावर फेरी मारून आले होते.

शनिवारी सपाट जागी हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. सौ. चाकापासून दूर, बाजूला उभी राहिली. चौथ्या वेळी टण्ण! तिने माझ्याकडे जे पाहिले ते लिहीत नाही.

तिसऱ्या मेकॅनिकला मी "आवाज काढा" असे म्हटलेच नाही. त्याला शेजारी उभे करून आवाज ऐकवला. टॉर्च मारल्यावर दोन मिनिटांत त्याला कारण सापडले. डाव्या कॉइल स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा तुटला होता. स्टिअरिंग वळवले की स्प्रिंग बैठकीत अडकायची, तिला पीळ बसायचा आणि ती एकदम सुटायची. येथले रस्त्यावरचे मीठ आणि खड्डे यांनी असे पुष्कळदा होते. तुटलेले टोक टायरच्या जवळ आले होते. ते टायरमध्ये घुसले असते तर काय, हा विचार मुले मागे बसलेली असताना करवत नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग, मजुरीसह २१० पौंड.

घरी येऊन एमओटीचे कागद काढले. आधीच्या वर्षीच्या कागदावर सूचना होती: पुढची डावी स्प्रिंग गंजलेली. 'पास' एवढे वाचून मी तो फाईलला लावला होता! इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधल्या २००५ पासूनच्या एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून फुकट पाहता येतो. गॅरेजला जाण्यापूर्वी तो जरूर वाचा. मात्र एमओटीवर सर्वस्वी विसंबू नका. तपासनीस गाडीचे भाग सुटे करून बघत नाही, आणि इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची प्रकृती त्या तपासणीत येतच नाही.

सगळे आवाज बारा दिवस थांबू देत नाहीत. ब्रेक दाबताना धातूवर धातू घासल्यासारखे वाटले तर गाडी चालवूच नका. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते, तीही लगेच दाखवा. पूर्ण वळण घेताना टकटक होत असेल तर सीव्ही जॉइंटचा संशय घ्यावा. थंड, दमट सकाळी इंजिन सुरू करताना बेल्ट किंचाळला तर एक-दोन दिवसांनी दाखवले तरी बहुधा चालते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

पैशांचे म्हणाल तर तपासणीचे किती आणि दुरुस्तीचे किती हे आधी वेगवेगळे विचारा, व्हॅट धरून लेखी घ्या, आणि काढलेला पार्ट मागा. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम रास्त काळजीने व कौशल्याने झाले पाहिजे, आणि किंमत आधी ठरली नसेल तर वाजवीच आकारली पाहिजे.

वही अजून गाडीत आहे. परवा सौ.च्या अक्षरात नवी नोंद दिसली: मागे, उजवीकडे, फक्त पेट्रोल भरल्यावर. मला अजून काही ऐकू आलेले नाही, पण या वेळी मी गप्प आहे.