एका व्होल्टाचा हिशेब

संगणक चालता चालता मध्येच बंद पडला, की घरात किंवा कचेरीत त्याच्या दुखण्याची जी चिकित्सा सुरू होते ती ऐकण्यासारखी असते. कोणी म्हणतो, व्हायरस शिरला असावा. कोणी धुळीला दोष देतो. कोणी वीज कंपनीवर ठपका ठेवून मोकळा होतो. ह्या तर्कांत एक कारण मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. आणि गेल्या काही वर्षांत तर जाणत्या माणसांनाही त्याने महिनोन् महिने चकविले आहे. ते कारण म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरला मिळणारा चुकीचा विद्युद्दाब.

विद्युद्दाब म्हटला की आपल्याकडे प्रथम आठवते ती भिंतीतील वीज. संध्याकाळी दिवे मंदावतात, पंखा रेंगाळतो, म्हणून घरोघर स्टॅबिलायझर आला. संगणकाचे दुखणेही त्याच जातीचे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रकार निराळा आहे. भिंतीतील २३० व्होल्टांची वीज संगणकाच्या पेटीतील वीजपुरवठ्याच्या डब्यात शिरते आणि तेथून १२ व्होल्टांची होऊन बाहेर पडते. बाहेरचा दाब वीसपंचवीस व्होल्टांनी खालीवर झाला, तरी चांगला डबा आपले १२ व्होल्ट सोडत नाही. खरी नाजूक पायरी त्याच्या पुढची. ह्या १२ व्होल्टांचा सुमारे एक ते दीड व्होल्ट करून तो प्रोसेसरला पाजण्याचे काम मदरबोर्डवरील नियामक मंडले करीत असतात. तेथे पाव व्होल्टाचीही चूक खपत नाही, आणि ती चूक बाहेरच्या कोणत्याही स्टॅबिलायझरला दिसतही नाही.

एक व्होल्ट म्हणजे फारच क्षुल्लक, असे वाटेल. परंतु दाब जितका कमी, तितका प्रवाह अधिक लागतो. स्नानाचे पाणी तापविणारा दोन हजार वॅटांचा गीझर भिंतीतून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो. इंटेल कंपनीच्या कोअर आय-९ १३९००के ह्या प्रोसेसरची जड कामाची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. त्याचा दाब सव्वा व्होल्ट धरला, तर प्रवाह होतो २०० अँपिअरच्या वर! नखाएवढ्या सिलिकनच्या चकतीत गीझरच्या बावीसपट प्रवाह शिरत असतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत अर्ध्या मिलिओहमचा रोध असला, तरी दशांश व्होल्ट वाटेतच गळतो. म्हणूनच प्रोसेसर स्वस्थ असताना मोजलेला दाब आणि तो कामाला जुंपल्यावरचा दाब ह्यांत अंतर पडते. बोर्ड बनविणाऱ्याने ह्या अंतराचा हिशेब आधीच धरावयाचा असतो.

दाब कमी पडला तर नेमके होते काय? चाळीतल्या सार्वजनिक नळाचे उदाहरण येथे चपखल बसते. नळाला दाब चांगला असला की हंडा भराभर भरतो. दाब उतरला की तोच हंडा भरावयास दुप्पट वेळ लागतो. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, आणि प्रत्येकाने आपला विद्युद्भाराचा हंडा ठरलेल्या ठोक्याच्या आत भरावयाचा किंवा रिकामा करावयाचा असतो. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये दोन ठोक्यांत अंतर असते एका सेकंदाच्या पाच अब्जाव्या भागाएवढे. तेवढ्या वेळात प्रकाशदेखील सहा सेंटिमीटरच जातो. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. ठोका पडला त्या क्षणी हंडा अर्धा असला, तर तो भरलेला समजावयाचा की रिकामा? एकाच्या जागी शून्य वाचले जाते आणि चुकलेला हिशेब पुढे जातो. कोठे धूर निघत नाही, की ठिणगी उडत नाही.

ह्यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे दाब वाढविणे. तो गुणकारीही ठरतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहा टक्क्यांनी वाढविला की त्यातून निघणारी उष्णता एकवीस टक्क्यांनी चढते. शिवाय अधिक दाब आणि अधिक ताप ह्यांखाली ट्रान्झिस्टरांतील अत्यंत पातळ थर आणि त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म तारा हळूहळू झिजतात. आज सुखाने चालणारे यंत्र वर्षादोनवर्षांनी अडखळू लागते, आणि तोवर दाब वाढविल्याची गोष्ट मालक विसरूनही गेलेला असतो.

हा प्रश्न तसा जुना. १९९३ मध्ये बाजारात आलेला पहिला पेंटियम ५ व्होल्टांवर चालत असे. (त्याच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा मानला जातो, ते विनोद धाम जन्माने पुण्याचे.) पुढच्याच वर्षीचे पेंटियम ३.३ व्होल्टांवर आले, आणि जानेवारी १९९७ मधील एमएमएक्स पेंटियमने तर दोन दाब मागितले: गाभ्यासाठी २.८ व्होल्ट आणि बाहेरच्या जोडण्यांसाठी ३.३. त्या काळी मदरबोर्डवर सुयांच्या जोड्या उभ्या असत, आणि इवल्याशा प्लास्टिकच्या टोप्या त्यांवर चढवून दाब ठरवावा लागे. ह्या टोप्यांना जंपर म्हणत. बोर्डाबरोबरचे पुस्तक हरवले की सगळा कारभार अंदाजाने. एमएमएक्स पेंटियमच्या गाभ्याला कोणी ३.३ व्होल्ट लावले, तर यंत्र सुरू होई खरे, पण वर्गाचा नियम लावून पाहता उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी अधिक. एएमडी कंपनीच्या १९९७ मधील के-६ प्रोसेसरचा प्रकार आणखी फसवा होता. त्याच्या १६६ आणि २०० मेगाहर्ट्झच्या आवृत्त्यांना २.९ व्होल्ट हवे असत, आणि २३३ मेगाहर्ट्झच्या आवृत्तीला ३.२. हवा तो दाब चकतीच्या पाठीवर छापलेला असे. परंतु एकदा तिच्यावर पंखा बसला, की ती अक्षरे वाचणार कोण?

ह्या गोंधळातून सुटण्याची वाट इंटेलच्या १९९५ मधील पेंटियम प्रो ह्या प्रोसेसरने दाखविली होती. आपल्याला किती दाब हवा, हे त्याने स्वतःच ठरावीक पायांवरील खुणांनी बोर्डाला सांगावे, अशी ती योजना. पुढे ती सर्वत्र रूढ झाली आणि जंपर नाहीसे झाले. आजचा प्रोसेसर कामाच्या चढउताराप्रमाणे क्षणोक्षणी बोर्डाकडे नवा दाब मागत असतो. कोणत्या वेगाला किती दाब लागतो, ह्याचा तक्ता कारखान्यातच प्रत्येक चकतीत कायमचा कोरलेला असतो, कारण एकाच घाण्यातल्या दोन चकत्याही अगदी सारख्या उतरत नाहीत.

तर मग चूक होण्यास वाव कोठे राहिला? तो राहिला बायॉसमधील ‘ऑटो’ ह्या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दात. ऑटो म्हणजे प्रोसेसर सांगेल ते, असा सामान्य माणसाचा समज. वास्तविक त्याचा अर्थ पुष्कळदा बोर्ड बनविणारा ठरवील ते, असा होतो. तुलनेच्या तक्त्यांत आपला बोर्ड दोन पावले पुढे दिसावा म्हणून वीजमर्यादा सैल सोडण्याचा आणि दाबात मनचे काही मिळविण्याचा मोह त्याला होतो. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्सथ्रीडी जातीच्या काही चकत्या आणि त्यांच्या बैठकी करपल्याची वृत्ते आली. मेमरी अधिक वेगाने चालविण्याची सोय निवडली की काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाचा दाब आपण होऊन वाढवीत असत. त्यानंतर एएमडीने त्या दाबाला १.३ व्होल्टांची मर्यादा घालून दिली.

इंटेलचे प्रकरण ह्याहून गुंतागुंतीचे. तिच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांवर खेळ चालविणाऱ्यांना वारंवार एक संदेश दिसू लागला: ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे. लोकांनी साहजिकच ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. खरा प्रकार असा होता, की खेळातील चित्रसामग्री दाबून, लहान करून साठविलेली असते आणि ती उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो. उलगडताना एक अंक जरी चुकला तरी हिशेब जुळत नाही. मग खेळ कोलमडतो आणि जाता जाता भलत्याचेच नाव घेतो. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डे बनविणाऱ्या एन्व्हिडियाला, ह्या संदेशाबद्दल इंटेलकडे जावे, असे आपल्या ग्राहकांना सांगावे लागले. प्रथम बोर्डवाल्यांच्या सैल मर्यादांकडे बोट दाखविले गेले, आणि त्यात तथ्यही होते. परंतु जुलै २०२४ मध्ये इंटेलने जाहीर केले, की प्रोसेसरच्या पोटातील मायक्रोकोड म्हणून जी आज्ञावली असते, तीच चुकीचा, वाजवीपेक्षा अधिक दाब मागत होती. ज्याने आपली गरज नेमकी सांगावी म्हणून जंपर काढून टाकले, तोच गरज चुकीची सांगू लागला होता! ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये सुधारलेला मायक्रोकोड देण्यात आला. वाढीव दाब आणि ताप ह्यांमुळे चकतीतील घड्याळाचे ठोके वाटून देणारे मंडलच अकाली म्हातारे होते, असे निदान झाले. अशा चकतीला पूर्वीच्या वेगासाठी पूर्वीपेक्षा अधिक दाब लागू लागतो. सुधारलेला मायक्रोकोड पुढची झीज रोखण्यासाठी आहे. झालेली झीज तो भरून काढू शकत नाही.

आता अशा दुखण्याची परीक्षा घरच्या घरी कशी करावी, हे पाहू. आज्ञावलीत दोष असेल तर यंत्र बहुधा त्याच जागी, तेच काम करताना अडते. दाबाच्या दोषाची रीत भटकी असते: आज एक संदेश, उद्या दुसरा, परवा काहीच न सांगता पडदा काळा. मोठी दाबलेली फाइल उलगडताना वारंवार ती खराब असल्याचा निरोप आला आणि तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर निमूटपणे उलगडली, तर संशय बळावतो. मग बायॉसमध्ये जाऊन, असलेली मूल्ये कागदावर टिपून घेऊन, सर्व काही मूळ स्थितीवर आणावे. मेमरीला अधिक वेगाने पळविणारी सोयही बंद करावी, कारण तिचा दोष हुबेहूब ह्याच सोंगात येतो. बोर्डाच्या निर्मात्याने बायॉसची नवी आवृत्ती दिली असेल तर ती घ्यावी, मात्र ती घालताना वीज जाणार नाही अशी तजवीज करून. ती घातल्यावर मूळ स्थितीची निवड पुन्हा एकदा तपासावी. प्रोसेसरला वीज देणारी आठ टाचण्यांची तार नीट बसली आहे ना, हेही पाहावे. एका वेळी एकच बदल करून मग दोन दिवस वाट पाहणे हे कंटाळवाणे खरे. परंतु चार बदल एकदम करून यंत्र सुधारले, तर नेमके कशाने सुधारले हे कधीच कळत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर दाबाला हात न लावता प्रोसेसरचा कमाल वेग दोनतीनशे मेगाहर्ट्झने उतरवून पाहावा. ठोके लांबले की अर्ध्या भरणाऱ्या हंड्यांना वेळ मिळतो. तेवढ्याने यंत्र सुरळीत चालू लागले, तर चकती आपल्या नेमून दिलेल्या वेगाला उतरत नाही, हे जवळजवळ ठरले. अशा वेळी दाब वाढवून काम भागविण्यापेक्षा ती हमीत बदलून घेणे शहाणपणाचे. इंटेलने ह्या दोन पिढ्यांतील बाधित प्रोसेसरांची हमी ऑगस्ट २०२४ मध्ये दोन वर्षांनी वाढविली, म्हणजे पेटीबंद विकलेल्यांना तीनऐवजी पाच वर्षे मिळाली. जुन्या बाजारात ह्या पिढ्यांचा प्रोसेसर घेणाऱ्याने म्हणूनच किमतीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: मूळ खरेदीची पावती आहे काय, आणि बायॉस शेवटचा कधी बदलला.