मांजराचीं नखें आणि घरांतील कोच

उंदरांना धाक म्हणून आणलेलें मांजर महिन्याभरांत घरचें माणूस होऊन बसतें, हें नांदगांवासारख्या तालुक्याच्या ठिकाणीं कोणास सांगावयास नको. पण नवा कोच घरांत यावा आणि आठ दिवसांत त्याच्या कडेचे दोरे लोंबूं लागावेत, कीं या माणसाचें आसन डळमळूं लागतें. मांजराला हांकलून द्यावें, कीं त्याचीं नखेंच कायमचीं काढून टाकावींत, असे दोन विचार पुढें येतात. दोहोंचीही गरज नाहीं. मात्र मांजर ओरबाडतें कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

मांजर सूडानें किंवा खोडसाळपणानें ओरबाडीत नाहीं. त्याच्या नखांवर पापुद्र्यासारखें कवच असतें. तें जुनें झालें म्हणजे खरखरीत वस्तूवर पंजा ओढल्यानें गळून पडतें आणि खालचें तीक्ष्ण नख मोकळें होतें. पंजांत गंधग्रंथि असतात. त्यांचा वास त्या जागीं राहतो आणि हें ठिकाण आपलें, अशी खूण पटते. शिवाय झोपेंतून उठल्यावर अंग ताणण्याची ही त्याची रीत आहे. असा हा देहधर्म बंद करतां येत नाहीं; त्याची जागा मात्र बदलतां येते.

'नखें काढणें' हा शब्दप्रयोग फसवा आहे. मांजराचें नख बोटाच्या शेवटच्या हाडांतून वाढतें. तें पुन्हां येऊं नये असें वाटल्यास तें हाडच सांध्यापासून कापावें लागतें. माणसाच्या प्रत्येक बोटाचें शेवटचें पेर छाटण्यासारखेंच हें आहे; पुढच्या दोन पंजांचींच अशीं दहा पेरें जातात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या २७४ मांजरांच्या पाहणींत, नखें काढलेल्या मांजरांत पाठदुखी, चावण्याची संवय व नेमल्या जागेबाहेर घाण करणें हे प्रकार अधिक आढळले. म्हणजे कोच वांचतो आणि सतरंजी जाते! युरोपांतील १९८७ च्या करारानें उपचाराखेरीज अशी शस्त्रक्रिया निषिद्ध मानली. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं तिच्यावर बंदी घातली. भारतांतही १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें प्राण्याचें अंग छिन्न करणें हा अपराध ठरविला आहे.

उपाय घरच्या घरीं होण्याजोगा आहे. जड पाटावर सुमारें तीन फूट उंचीचा खांब पक्का ठोकावा आणि त्यावर सुतळी किंवा काथ्या गच्च गुंडाळावा. बाभळीचा सालीसकट ओंडकाही चालतो. मांजराला मागच्या पायांवर उभें राहून पुरतें ताणतां आलें पाहिजे, आणि खांब डुगडुगतां कामा नये. एकदां तो हलला कीं मांजर त्याकडे पुन्हां फिरकत नाहीं. कांहीं मांजरें आडवेंच ओरबाडतात. त्यांच्यासाठीं कांद्याच्या पोत्याचें गोणपाट जमिनीवर अंथरावें.

येथें बहुधा एक चूक होते. खांब माळ्यावर किंवा अडगळींत ठेवला जातो. तो फाटलेल्या कोपऱ्यालगतच ठेवावा आणि संवय जडल्यावर रोज थोडा थोडा सरकवावा. सुतळी विसकटली म्हणून फेंकून देऊं नये; तोच वास मांजराला हवा असतो. पावसाळ्यांत उगवणाऱ्या खोकली या वनस्पतीच्या मुळाच्या वासाकडे मांजरें ओढलीं जातात. तें मूळ खांबावर चोळून पाहावें. दरम्यान कोचावर गुळगुळीत कापड ताणून बसवावें, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी.

दोन-तीन आठवड्यांनीं नखांचीं टोकें कापावींत. मांजर झोपाळलेलें असतां पंजा हलकेच दाबला कीं नख बाहेर येतें. त्याचें पारदर्शक टोक तेवढें कापावें. आंतील गुलाबी भागांत रक्तवाहिनी व ज्ञानतंतु असतात, त्याला धक्का लावूं नये. एका बैठकींत एकच पंजा झाला तरी पुरे. नखांवर चिकटविण्याच्या मऊ टोप्याही मिळतात. त्या चार ते सहा आठवडे टिकतात.

मांजराला मारूं नये आणि त्याचे पंजे धरून खांबावर घासूंही नयेत. मारानें त्याला माणसाचें भय वाटतें, कोचाचें नव्हे. खांबाला नख लावलें कीं लगेच सुकटीचा एखादा तुकडा द्यावा. कोचाचें कापड बदलून मिळतें. गल्लींतील कुत्रा मागें लागला असतां झाडावर चढून जीव वांचविण्याचें साधन मात्र मांजराला एकदांच मिळालेलें असतें.