ग्राहकाचा मोबाइल क्रमांक आणि छोट्या दुकानाची जाहिरात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइल मार्केटिंग म्हणजे ग्राहकाच्या हातातील फोनवरून त्याच्यापर्यंत आपल्या मालाची व सेवेची माहिती पोहोचवणे. तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदार, शिंपी, गॅरेजवाला किंवा घरगुती फराळ विकणारी महिला यांना ते आता परके राहिलेले नाही. तरीही त्याची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाकडून होते, कारण जास्तीत जास्त क्रमांक गोळा करून त्यांवर जास्तीत जास्त संदेश धाडले की धंदा वाढतो, अशी समजूत व्यापारी वर्गात खोलवर रुजली आहे. पुढील बहुतेक गैरसमज याच समजुतीतून निघालेले आहेत.

त्यांपैकी सर्वांत घातक समज असा, की बिलासाठी किंवा घरपोच मालासाठी ग्राहकाने दिलेला क्रमांक जाहिरातीसाठीही खुला होतो. वस्तुतः ग्राहकाने क्रमांक ज्या कामासाठी दिला, त्या कामापुरतीच त्याची परवानगी असते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याचे तत्त्वही हेच आहे: संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी आणि पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली असली पाहिजे, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणेही सोपे असले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने, मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय माल न देण्याची काही विक्रेत्यांची पद्धत ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणून गल्ल्यावर क्रमांक लिहून घेताना ‘नव्या मालाचे संदेश पाठवले तर चालतील का?’ हे एक वाक्य विचारणे आणि होकार असल्यास वहीत त्या नावापुढे तारखेसह खूण करणे, हीच खरी सुरुवात होय.

दुसरा गैरसमज एसएमएसविषयी आहे. स्वस्तातले सिमकार्ड घ्यावे, कोणाकडून तरी हजारो क्रमांकांची यादी विकत आणावी आणि संदेश सोडत राहावे, इतके ते सोपे वाटते. प्रत्यक्षात व्यापारी संदेशांवर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार असे संदेश पाठवणाऱ्या व्यवसायाला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या सामाईक नोंदणी व्यवस्थेत आपले नाव, संदेशावर प्रेषक म्हणून दिसणारे संक्षिप्त नाव, ज्याला हेडर म्हणतात ते, आणि संदेशाचा ठरावीक मजकूर या तिन्ही गोष्टी आधी नोंदवाव्या लागतात. ही नोंदणी न करता साध्या क्रमांकावरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मधील सुधारणेनंतर १० दिवसांत ५ तक्रारी आल्या, तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी १५ दिवस जावक सेवा बंद होते आणि पुन्हा तसेच घडल्यास वर्षभरासाठी जोडणी तोडली जाते. ज्या दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी एकाच क्रमांकावर येतात, त्याच्यासाठी ही शिक्षा दुकानाला कुलूप लागण्याइतकी जड आहे.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. सर्व ग्राहकांचा एक ग्रुप केला की काम झाले असे अनेकांना वाटते. परंतु ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो, आणि एखाद्या शिंपीकामाच्या दुकानातील महिला ग्राहकांचे क्रमांक असे अनोळखी लोकांसमोर उघडे पडणे हा त्यांच्या विश्वासाचा भंगच आहे. यासाठी २०१८ पासून उपलब्ध असलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या विनामूल्य ॲपमधील ब्रॉडकास्ट लिस्ट अधिक योग्य ठरते: यादीतील प्रत्येकाला संदेश स्वतंत्रपणे जातो आणि कोणालाही दुसऱ्याचा क्रमांक कळत नाही. एका यादीत २५६ जणांची मर्यादा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याने दुकानाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच हा संदेश पोहोचतो. अनेक दुकानदारांना ही अट अडचण वाटते, पण खरे तर ती चाळणी आहे, कारण क्रमांक साठवणारा ग्राहक हाच परत येण्याची शक्यता असलेला ग्राहक असतो. गल्ल्याजवळ व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड लावल्यास ग्राहकच पहिला संदेश पाठवतो आणि त्याच वेळी त्याला क्रमांक साठवण्याची विनंती करता येते. याउलट, एकगठ्ठा संदेश पाठवणारी बाहेरची सॉफ्टवेअर वापरणे व्हॉट्सॲपच्या अटींविरुद्ध असून त्यामुळे खाते बंद होऊ शकते.

संदेश लांबलचक आणि चित्रांनी सजवलेला असला म्हणजे वाचला जातो, हेही खरे नव्हे. ‘उद्या संकष्टी. उकडीचे मोदक ११ व २१ च्या डब्यात. ऑर्डर आज संध्याकाळी ६ पर्यंत. उद्या दुपारी ४ नंतर दुकानातून न्यावेत.’ एवढ्या मजकुरात ग्राहकाला काय, किती, केव्हापर्यंत आणि कोठून हे सगळे कळते. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुप्रभात धाडणाऱ्या दुकानाचा क्रमांक मात्र लवकरच म्यूट होतो आणि मग मोदकांचा संदेशही न वाचता राहतो.

गूगल नकाशावर वर दिसण्यासाठी पैसे मोजावे लागतात, असे सांगून शुल्क उकळणारे दलाल गावोगावी भेटतात. व्यवसायाची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, पूर्णपणे विनामूल्य असते. स्थानिक शोधातील क्रम मुख्यतः शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची ठळक ओळख यांवर ठरतो, आणि पैसे देऊन तो वर नेता येत नाही, असे गूगलने स्वतःच नमूद केले आहे. जाहिरात म्हणून वेगळी दाखवली जाणारी जागा विकत मिळते, ती गोष्ट निराळी. नोंदीतील नाव दुकानाच्या पाटीवर आहे तेच असावे, त्यापुढे ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’ अशी विशेषणे जोडणे नियमांत बसत नाही. सवलतीचे आमिष दाखवून अभिप्राय मिळवणेही तितकेच निषिद्ध आहे.

स्वतःचे ॲप हवेच, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो: महिन्यातून दोनदा पीठ दळून नेणारा ग्राहक चक्कीचे ॲप फोनमध्ये ठेवणार नाही. तोच खर्च टाळून व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे वस्तूंच्या सचित्र यादीत, भावांसह माल मांडावा, साप्ताहिक सुट्टी व दुपारी दुकान बंद असण्याची वेळ नकाशावर नीट भरावी, आणि गणपती-दिवाळीत वेळ बदलली की त्याच दिवशी ती तेथे दुरुस्त करावी. बंद शटरपर्यंत येऊन परत गेलेल्या ग्राहकाला नंतर कितीही आकर्षक संदेश पाठवला, तरी त्याचा हेलपाटा भरून निघत नाही.