दूरच्या दरवाजावरील पहारा

धारहून मांडूस जाताना वाटेत नालछा लागते. पुढे आलमगीर दरवाजा, दिल्ली दरवाजा अशी किल्ल्याची द्वारे येतात. दरवाजावर पहारेकरी उभा असतो, परंतु कोणास आत घ्यावे याचा हुकूम गडावरून सुटतो. मोठ्या संस्थेच्या दूरध्वनीचा कारभार हल्ली याच रीतीने चालतो.

पुण्याच्या एखाद्या संस्थेची शाखा नालछ्यात आहे असे समजू. शाखेत 'गेटवे' नावाची पेटी बसवितात. तिच्या एका अंगास गावातील दूरध्वनीची तार, दुसऱ्या अंगास संगणकांचे जाळे. आवाजाचे बारीक तुकडे करून ते जाळ्यावर सोडावयाचे, आलेले पुन्हा जोडावयाचे, एवढेच तिचे काम. रिसीव्हर उचलला गेला, अमुक आकडे दाबले गेले, ही वर्दी ती पुण्याच्या नियंत्रकास देते. कोणास जोडावे, घंटा केव्हा वाजवावी, हे तो ठरवितो. या हुकमांची 'एमजीसीपी' ही भाषा १९९९ साली प्रसिद्ध झाली. २००० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 'एच.२४८' मान्य केली. मात्र नालछ्यातील दोन मेजांवरचे बोलणे पुण्यास जात नाही. जातात ते हुकूम.

जाळे तुटले तर? नियंत्रकाचा प्रतिसाद ठराविक अवधीत आला नाही, की पेटीने राखीव नियंत्रकास हाक द्यावी. तोही नसेल तर जवळच्या छोट्या यादीवरून गावची तार वापरावी. ही यादी अगोदर भरलेली हवी.

याहून नाजूक प्रश्न जाळे शाबूत असतानाचा आहे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात आहे, तसाच मध्य प्रदेशातही. नियंत्रकाने तो पुण्याच्या तारेवर सोडला, तर नालछ्याच्या रोग्यासाठी केलेली हाक महाराष्ट्राच्या केंद्रात पोहोचेल, आणि गाव कोठले हे सांगण्यातच मोलाची मिनिटे जातील! म्हणून कोणती पेटी कोणत्या गावी आहे याची नोंद नियंत्रकापाशी असावी लागते, आणि असे क्रमांक त्या गावच्याच तारेवर बाहेर पडावे लागतात. ही नोंद सहज राहून जाते, कारण रोजच्या बोलण्यात तिची उणीव भासत नाही.

जोडणी संपताच पुण्याकडची तार मुद्दाम काढावी, नालछ्याच्या मेजावरून बाहेरचा क्रमांक लावून पाहावा आणि मगच कारागिराच्या कागदावर सही करावी.