ग्रहणाचा दोष नाही

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत माझ्या भाचीच्या बाळाची आतडी पोटाबाहेर दिसली. घरी आल्यावर आपाने, म्हणजे तिच्या आईने, पहिला प्रश्न विचारला, "ग्रहणात सुरी हातात घेतली होतीस का गं?" पोर रडू लागली. श्रोतेहो, मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. पण त्या रडण्यापायी डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. समजले ते सांगतो.

या व्यंगाला गॅस्ट्रोस्कायसिस म्हणतात. काही हजार जन्मांत एखाद्या बाळात ते आढळते. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पोटात जागा अपुरी असते, म्हणून आपल्या सर्वांचीच आतडी नाळेच्या मुळाशी उतरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत परततात. ती पातळ पडद्यात नाळेतच राहिली, तर तो ऑम्फॅलोसील. त्यात हृदयाचे वा गुणसूत्रांचे दोष सोबत असण्याचा संभव अधिक. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये मात्र बेंबीशेजारी, बहुधा उजवीकडे, पोटाच्या भिंतीला छिद्र राहते. त्यातून आतडी उघडीच बाहेर येतात. एरवी बाळ बहुतेक वेळा धडधाकट असते. नेमके कारण अजून उमगलेले नाही. विशीच्या आतल्या मातांच्या बाळांत हे प्रमाण जास्त दिसते, एवढे खरे. ग्रहण, सुरी, नजर यांचा काही संबंध नाही.

जन्मानंतरचे पहिले तास मोलाचे. उघड्या आतड्यांतून ऊब आणि पाणी निघून जाते. म्हणून ती निर्जंतुक प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकतात, बाळाला उबेत ठेवतात, शिरेतून सलाईन देतात, जठरात नळी घालतात. पोटात जागा असली तर शस्त्रक्रियेने आतडी एकदम आत जातात. नसली तर ती सिलिकॉनच्या पिशवीत टांगून रोज थोडी थोडी सरकवतात. पुढे काही आठवडे पोषण शिरेतूनच. या सोयी आहेत त्या श्रीमंत देशांत दहांतली नऊहून अधिक बाळे वाचतात. सोयी नाहीत तिथे बहुतेक दगावतात.

म्हणून सोनोग्राफीत हे दिसले तर लपवू नका. नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवा.

आम्ही तेच केले. भाचीची मुलगी आता शाळेत जाते. बेंबीपाशी छोटासा वण आहे. आपा अजून ग्रहण पाळते. पण तो प्रश्न तिने पुन्हा कुणाला विचारलेला नाही.